झाडावरचा आकडा

अध्यक्ष कोण होणार, असं विचारल्यावर
सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.
मी तेवढी खिडकीबाहेर बघत होते.
म्हणून मी.

आलेंतेजूतल्या बूच सोलणाऱ्यांचा संघ. सभासद त्रेसष्ट.
त्यातले अकरा वारलेले, पण नावं खोडायला
आधीच्या सेक्रेटरीचा हात धजावला नव्हता.
वर्गणी भरणारे एकोणीस.
सभेला सात, पैकी दोघं
नंतरच्या वाइनसाठी.

मी धोरण लिहून आणलं होतं,
पाच वर्षांचं, रंगीत रकान्यांचं.
एउरीकूने चष्मा कपाळावर चढवला:
"झुलमीरा, बुचाची साल नऊ वर्षांनी निघते.
तुझा कागद झाडाच्या आधीच संपतो."
हशा पिकला. मीही हसले.
रात्री घरी बसून पाचाचे नऊ केले,
तर वाढलेल्या चार रकान्यांत
काय भरावं ते सुचेना.

मग कागद ठेवला आणि गाडी काढली.
कुणी म्हणालं, संघाने आमचं काय भलं केलं?
कुणी टोपलीभर अंजीर दिले, वर्गणी नाही.
एका घरचं कुत्रं पार रस्त्यापर्यंत पोचवायला आलं.
देओलिंदाबाईंनी फडताळ उघडून
इस्त्रीच्या चादरींखालची कुऱ्हाड दाखवली.
"ह्यांचं नाव आहे ना अजून यादीत?"
आहे, म्हटलं.
त्यांनी वीस युरो मोजून दिले.
पावती मी त्यांच्या नवऱ्याच्याच नावाने फाडली.
इतिवृत्तात हे नाही.

शिकाऊ पाहिजेत, अशी चिठ्ठी बेकरीत लावली.
तिघं आले.
इरिया, सुपरमार्केटच्या गल्ल्यावरून उठून आलेली.
लोकेंद्र, नेपाळच्या कुठल्याशा डोंगरातला,
प्लास्टिकच्या मांडवांत रासबेऱ्या खुडून विटलेला.
तिसरा जेवणाच्या सुट्टीत गेला तो गेलाच.

शिकवणार बेल्मीरू. दुसरं होतंच कोण?
संघाचं नाव काढलं की थुंकणारा,
चार वर्षांची थकबाकी असलेला बेल्मीरू.
त्याच्या अटी: सभेला येणार नाही,
कशावरही सही करणार नाही,
आणि मला कुणी प्रशिक्षक म्हणायचं नाही.
कबूल.

जून. उजाडतानाच अंगावर येणारं ऊन.
कुऱ्हाड मारायची आणि ऐकायचं.
साल सुटणार असेल तर पोकळ वाजतं,
नसेल तर आखूड, कोरडं,
शिंक अडल्यासारखं.
फार खोल गेलात तर आतल्या पदराला लागेल.
त्या पदराला इथे आई म्हणतात.
साल पुन्हा येते.

इरियाचा घाव खोल गेला.
मला वाटलं, झालं, आता हा उठून चालू लागेल.
बेल्मीरूने जखमेवरून अंगठा फिरवला,
झाडाला वळसा घातला, आम्हाला बोलावलं.
मागच्या अंगाला जुना वण होता,
ओठ गच्च मिटल्यासारखा.
"हा माझा. सोळाचा होतो.
बाप तीन दिवस बोलला नाही."
आणि कुऱ्हाड तिच्याच हातात परत दिली.

सोललेल्या खोडावर पांढऱ्या रंगाने
सालाचा शेवटचा आकडा घालतात,
पुन्हा कधी यायचं ते झाडालाच विचारता यावं म्हणून.
ब्रश लोकेंद्रकडे होता. त्याने काढलं: ५.
पोट एकीकडे, शेपूट खाली.
"हे काय?"
"पाच," तो म्हणाला, आणि चूक कळून लाजला.
बेल्मीरू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.
"नऊ वर्षांनी जो येईल
त्याला हे वाचता आलं पाहिजे."

"मीच येईन ना," लोकेंद्र म्हणाला.

रंगाच्या डब्याचं झाकण नीट बसेना.
बेल्मीरूने ते टाचेने दाबलं,
आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,
"थकबाकी किती झाली?"
मी आकडा सांगितला.
"अर्धी देईन," तो म्हणाला.