बाळंतिणीचं झाड

कटर माझाच. हप्ते अजून चालू.
खालची उतरण मीच साफ केली:
ऐन, किंजळ, नाणा,
ज्याच्या बुंध्याला तिघांचे हात पुरत नसत असा एक सातवीण.
आता तिथं रबराच्या रांगा,
खोडाखोडाला बांधलेली वाटी,
आणि दुपारभर एक पाखरू बोलत नाही.

मग ठेकेदारानं वरची राई मागितली.
एकवीस हिस्सेदार, चौदा जण मुंबईत,
होकार फोनवरच आले.
मधोमध बेहडा.
त्याच्या ढोलीत दार लिंपून आत बसलेली
माडगरुडाची मादी.
बाहेर फक्त चोचीपुरती फट.

माझी रसिका नववीत.
समोरच्या कातळावर वही घेऊन बसायची:
*नर आला, सहा चाळीस. उंबरं अकरा.*
*काजऱ्याची फळं दोन. आपल्याला वीख, त्याला नाही.*
गळ्यातून एकेक फळ काढून
तो फटीत देत राहायचा,
मोजून दिल्यासारखं.

चैत्रात देवळात कौल लावला.
उजवी कळी पडली तर द्यायची राई, डावी पडली तर नाही.
गुरवानं गाऱ्हाणं घातलं, आम्ही म्हटलं, होय म्हाराजा.
कळ्या पाषाणाला चिकटून राहिल्या.
तास गेला. ठेकेदार घड्याळाकडे बघू लागला.
खाडीवरचा वारा आत आला, तरी हलल्या नाहीत.

तेव्हा मागून भागीरथी झोरे उठली.
निम्मा गाव तिच्याच हातावर जन्मलेला.
"बाळंतीण आत आसा. दार लिपलेला आसा.
न्हाण होयसर बाळंतिणीच्या दाराक
कोण रे हात लायता?"

कुणी बोललं नाही.
ठेकेदार म्हणाला, बरं, किती दिवस?
सगळे माझ्या पोरीकडे वळले.
तिनं पानं उलटली, बोटांवर मोजलं.
"जूनचा पहिला आठवडा.
पण तेव्हा घाटीत चिखल, ट्रक चढत नाही.
आणि माघ सरला की ती परत येते.
ह्याच ढोलीत."

गुरव आधी हसला. मग सगळेच.
ठेकेदार हसला नाही. तो पुन्हा येईल,
माझा नंबर आहे त्याच्याकडे.

राईतल्या रातांब्यांची सोलं विकून
मे महिन्याचा हप्ता भरला. अर्धा.
कटर पडवीत, गोणपाटाखाली.

कळी रात्री कधीतरी पडली म्हणतात.
कुठली, ते गुरवाला विचारलं.
तो म्हणाला, सकाळी झाडलोट करताना
बघायचं राहून गेलं.