भरीव, पोकळ

बाबांचे कान गेलेत
हे पोर्थमादोगमध्ये फक्त मला ठाऊक होतं.
विमामंडळाला नाही, कप्तानांना नाही,
चॅपेलच्या उपदेशकांना तर नाहीच.
ते पहिल्या बाकाकडे बघून आवाज चढवायचे
आणि बाबा नेमक्या जागी मान डोलवायचे.

जहाजाची प्रत ठरवायची म्हणजे
त्याच्या पोटात उतरायचं, ओणवं.
साचलेलं पाणी, डांबर, उंदरांचा वास.
मी कंदील धरायचे, ते हातोडी मारायचे,
फासळीमागून फासळी,
आणि मी त्यांच्या मनगटावर बोट टेकवायचे.
एक : ओक खणखणीत बोलला.
दोन : आत कुणीतरी गप्प आहे.

बाकी सगळं त्यांचंच. लाकडी खुंट्या, तांब्याचा पत्रा,
फटींतला काथ्या नखानं उपसून बघणं,
साखळीची कडी न् कडी.
मग वहीत, माझ्याच हातून, टपोरं अक्षर :
ए वन. पुढे किती वर्षं, ते.
त्या अक्षरावर विम्याचा दर,
दरावर कोण माल देईल आणि कोण तोंड फिरवील.

'मार्गेद' चौदा वर्षांची, दोन डोलकाठ्यांची.
पाटीचा दगड घेऊन हाम्बुर्गला जायची,
येताना कधी मीठ, कधी नुसताच भरीचा धोंडा.
मालकीचे हिस्से चौसष्ट :
औषधवाल्याचे आठ, शिडं शिवणाऱ्याचे सहा,
खाणीत नवरा गेलेल्या कात्रिनबाईंचे दोन.
त्या दोनांवर त्यांचं घर चालायचं.
त्या दिवशी धक्क्यावर उभ्या होत्या, मोजा विणत,
आमच्याकडे न बघता.

डावीकडची अकरावी फासळी
हातोडीला काहीच म्हणाली नाही.
मी एकच बोट टेकवलं.

बाबा थांबले. गिरमिट लावलं,
निघालेला कीस तळहातावर घेतला, हुंगला.
तो कीस मला दाखवला नाही.
म्हणाले, "वर जा, लोवरी.
स्वयंपाकाच्या पोराला विचार, वय काय त्याचं."

पोरगा बटाटे सोलत होता.
नाव डेइओ. म्हणाला, "या हिवाळ्यात बारा होतील."
अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली.
चौसष्टांत त्याचं काहीच नव्हतं.

मी खाली आले. कंदील उचलला.
बाबांनी पुन्हा ठोका मारला, त्याच जागी,
जणू पहिल्यांदाच.
मी दोन बोटं टेकवली.

फळ्या उघडल्या तेव्हा
कूज निघाली वीतभर. फक्त वीतभर.
सुतार म्हणाला, अजून दहा वर्षं गेली असती,
किंवा एक वादळ.
दुरुस्तीत चार महिने गेले; कात्रिनबाईंनी
मधेच दोन्ही हिस्से औषधवाल्याला विकले,
पडेल भावात.
नंतर रस्त्यात भेटल्या की विणकाम बघायच्या,
हातात विणकाम नसलं तरी.

बाबांनी या गोष्टीवर कधी एक शब्द काढला नाही.
एकदाच, वही मिटताना :
"कान तुझे, लोवरी. नाक अजून माझं आहे."

आता माझेही कान थोडे उतरलेत.
शनिवारी भट्टीतून पाव काढते, उलटा करते,
बुडाशी टकटक करते.
पावाचं सगळं उलटं : पोकळ वाजला
तरच आतून झालेला.
दर वेळी क्षणभर घोटाळा होतो,
आणि मोकळ्या हाताचं बोट
मनगट शोधत राहतं.