गरुड आला नाही

कुटाइसीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत
नाझिब्रोला पहाटे चारला भट्टी पेटवते.
कंबरेपर्यंत आत वाकून
तापल्या मातीच्या भिंतीवर
लांबट शोटी थापते एकेक.
वर येते तेव्हा भुवया करपलेल्या.
इतक्या वर्षांत त्या नीट उगवल्याच नाहीत,
लग्नाकार्याला ती पेन्सिलीने काढते.

परवा गल्ल्यापाशी कुणी पुस्तक विसरून गेलं.
इतकं पातळ, की तिला वाटलं
पिठाच्या गिरणीचं दरपत्रक असेल.
उघडलं, तर कविता.

कवितेचं आणि तिचं कधी पटलं नव्हतं.
शाळेत कवितेत कडे असायचे, तलवारी असायच्या,
कड्यावर गरुड असायचा,
आणि वर्गात लिओनिदे सर, हातात पट्टी:
कवीला येथे काय म्हणायचे आहे?
तिला वाटायचं, त्यालाच विचारा ना.
म्हणाली नाही कधी.
पट्टी लाकडाची होती.

पण कणीक फुगायला चाळीस मिनिटं लागतात.
आणि फोनचं चार्जिंग संपलेलं.

एका पानावर
एक बाई नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होती,
शर्ट त्याच्या अंगातच,
त्याला कामावर जायची घाई.
दोरा तिने दातांनी तोडला
तेव्हा तिचं कपाळ
त्याच्या छातीला टेकलं,
आणि तो म्हणाला, अजून एक गाठ मार.

एवढंच.
आता गरुड येईल म्हणून नाझिब्रोलाने पान उलटलं.
आला नाही.

तिने मागे येऊन पुन्हा वाचली.
समासात पिठाचा अंगठा उमटला.
मग पुढची: भांडून निघालेले दोघे, छत्री एकच.
मग ती, मेलेल्या बहिणीचा नंबर
फोनमधून काढता येत नाही त्याची.
तिथे मात्र तिने पुस्तक पालथं ठेवलं
आणि उगीचच फडक्याने तराजू पुसला.
पहिला घाणा त्या दिवशी जरा जास्त भाजला गेला.
गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत,
एकाला तर तोच आवडला.

नऊच्या सुमारास लिओनिदे सर आले.
अजून येतात. एक शोटी, पूर्वी दोन न्यायचे.
पुस्तक दिसलं तसा चष्मा कपाळावर चढवला,
उभ्याउभ्या चार पानं चाळली.
“ही काय कविता? असं तर कुणीही लिहील.”

नाझिब्रोलाने सुटे पैसे मोजून
त्यांच्या तळहातावर ठेवले.
“मग बासष्ट वर्षांत कुणी लिहिलं का नाही, सर?
मी तर इथेच होते.”

सर दारापर्यंत गेले.
पाव काखेत धरून परत फिरले.
“ते बटणाचं,” म्हणाले, “कितव्या पानावर होतं?”

तिने काढून दिलं.
ते वाचत राहिले, ओठ हलवत,
पहिलीतल्या मुलासारखे.
त्यांच्या कोटाचं मधलं बटण नव्हतं.
गेल्या हिवाळ्यातही नव्हतं.
नाझिब्रोलाने ते पाहिलं
आणि भट्टीत वाकली,
कारण वर काही करपत होतं असं नाही,
पण कुठेतरी तोंड घालणं भाग होतं.

रात्री गोचा आला, कुणाचा तरी फ्रिज दुरुस्त करून,
हातांना वंगणाचा वास.
तो जेवायला बसल्यावर तिने वाचून दाखवली,
जरा घाईने, मुलाखतीला बसल्यासारखी.

“मग? पुढे काय झालं?”
“काही नाही. संपली.”

गोचा बराच वेळ चावत राहिला.
मग म्हणाला, “शर्ट कुठल्या रंगाचा होता?”

तिने पुस्तक दिव्याजवळ धरलं,
आठही ओळी बोटाने तपासल्या.
“लिहिलेलं नाही.”

“निळा असणार,” तो म्हणाला,
आणि मीठ तिच्याकडे सरकवलं,
तिने मागितलं नव्हतं तरी.