कॅनडा कॉर्नर

सीबीएसवरून कॅनडा वीस रुपये.
रिक्षावाला अजून एका सीटची वाट बघत
निवांत तंबाखू मळतो.
मी फाइल मांडीवर धरून बसलोय.
परवा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली, गंमत म्हणून,
पावणेदोन किलो भरली.

दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याशेजारी
अ‍ॅड. रेवती गायधनी.
चष्मा कपाळावर, बोलणं मोजूनमापून.
"शेवाळे, तुमचं नाव काय ते एकदा ठरवा.
आयटीआयच्या सर्टिफिकेटवर व्ही, पासपोर्टवर डब्ल्यू."
मराठीत आमचा एकच व होता.
बापाचं, आज्याचं तेवढ्यात भागलं.
मी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की वरील दोन्ही इसम एकच आहेत.
नोटरीनं दोघांपैकी एकाकडेही पाहिलं नाही.

मग अनुभवाचं पत्र.
सातपूरची आमची टूलरूम बंद पडून सहा वर्षं झाली,
तिथं आता मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात.
धोंडगे फोरमन ओझरला, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर,
मफलर गुंडाळून गाड्यांचे नंबर लिहितात.
त्यांच्याकडे कंपनीची लेटरहेडं निघाली, जपलेली,
मागच्या बाजूला नातीचे पाढे.
एक सापडलं कोरं करकरीत.
"लिही काय हवं ते. मॅनेजर म्हणून ठोकतो सही."
बाईंनी कागद उजेडात धरला, परत दिला.
"बंद कंपनी पत्र लिहीत नसते, शेवाळे.
त्यांना फोरमन म्हणूनच आणा.
जे पाहिलं तेवढंच सांगू देत."

आले धोंडगे एसटीनं, इस्त्रीचा सदरा घालून.
ते मराठीत सांगत होते, बाई इंग्रजीत लिहीत होत्या.
ह्यानं अकरा वर्षं सरफेस ग्राइंडर चालवला.
मायक्रोमीटर लावायच्या आधी अंगठा फिरवून सांगायचा,
अजून एक शतांश काढावा लागंल.
"म्हणजे? हे कसं लिहू मी?"
"लिहा की, त्याच्या हातात आहे."
बाईंनी पेनाला टोपण लावलं, काढलं.
पुढं दोन ओळींचं लांबलचक वाक्य झालं.
मला वाचता आलं त्यात
हात कुठं दिसला नाही.

वय सदतीस. त्याचे गुण दर वाढदिवसाला कमी होतात.
आई औक्षण करत होती
आणि मी पाटावर बसून वजाबाकी.

आता बोटं राहिली.
पुण्याच्या सेंटरवर काचेवर ठेवायची, दहाच्या दहा.
माझी उमटत नाहीत.
रेशनच्या मशीनवर नाही, बँकेत नाही.
कूलंटनं रेघा खाल्ल्या, उरल्या त्या दगडानं.
बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस मशीनला शिवू नका.
रात्री ग्लिसरीन, वरून मोजे."
म्हणजे मी कुशल कामगार आहे हे पटवायला
हाताला काम द्यायचं नाही.

अंबडच्या शेठला कळवलं, कावीळ झालीय.
(हे मात्र गायधनी बाईंना सांगितलं नाही.)
घरी लसूण सोलला,
मुलीच्या वह्यांना कव्हरं घातली.
मीनल म्हणाली, हात मऊ झालेत तुझे.
तिला ते आवडलं असावं.
नवव्या दिवशी मुलीनं भिंग धरलं:
"पप्पा, आल्या रेघा! अंगठ्याला शंख,
करंगळीला चक्र!"
मीही ते पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या रात्री कपाटातला मायक्रोमीटर काढला.
वहीचं पान चिमटीत धरलं,
मनाशी आकडा बोललो, मग मोजलं.
दोन शतांशांनी चुकलो.
पान बदललं. पुन्हा चुकलो.

मीनल झोपेत कूस वळवून म्हणाली,
मोजे घातलेस का?

घातले.