कानाचा तुकडा

जुलैत आमच्याकडे सूर्य मावळत नाही.
फिन्मार्कच्या पठारावर, रात्री दोन वाजता,
आम्ही रेनडिअरच्या पाडसांच्या कानांत खुणा कोरतो.
मादीच्या कानावर ज्या घराची खूण, तीच पाडसाच्या.
कापलेला तुकडा खिशात टाकायचा.
शेवटी तुकडे मोजले की पाडसं मोजून होतात.

माझ्या खिशात एकतीस निघाले.
आमची पाडसं तीस.

एकतिसावं आंद्रासचं, माझ्या चुलतभावाचं.
मादी धुक्यात मागे राहिली होती,
सुरी हातात होती, कुणी बघत नव्हतं.
एवढंच. याहून मोठं कारण मी अजून शोधतोय.

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात.
इथे चांदण्याची गरजच नाही,
रात्रभर ऊन, आणि अख्ख्या पठारावर
गुडघ्याच्या वर वाढलेलं एक झुडूप नाही.

तो तुकडा नखाएवढा. एका बाजूने लवदार.
फेकून देता आला असता.
मी सगळा ऑगस्ट तो चाचपत राहिलो,
जीभ किडक्या दाताकडे जाते तसा.
तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.
ही मनाची.

सप्टेंबरात पाडसाला त्याची आई सापडली.
गोठणातून तिच्या मागोमाग चालत आलं,
तिच्या कानात आंद्रासची खूण, त्याच्या कानात माझी.
कुंपणाला टेकलेली अकरा माणसं. खोकलंसुद्धा नाही कुणी.
माझे कान तापले, मग गाल, मग मानेपर्यंत सगळं.
ही जनाची.

आंद्रासने थर्मासमधली कॉफी ओतली,
सवयीने सुक्या मांसाचा तुकडा तीत टाकला, कप पुढे केला.
"तुझे कान बोललेत," म्हणाला. "आता तू नको बोलूस."
वसंतात मी माझी एक गाभण मादी
त्याच्या कळपात सोडून आलो.
त्याने ती मोजली. आभार मानले नाहीत, बरं झालं.

पुढे खूप वर्षं यावर विचार केला आहे,
स्नोमोबाइल बंद पडून बसल्यावर, गुडघा ठणकतो त्या रात्री.
लपवायचं असतं नेमकं तेव्हाच
रक्ताने तोंडावर येऊन फितूर का व्हावं?
मला वाटतं, बर्फाच्या कडेकडेने चालत आलेल्या त्या पहिल्या लोकांत
एकजण मांस लपवून
कोऱ्या चेहऱ्याने शेकोटीशी बसला असेल.
दोनदा बसला. तिसऱ्यांदा त्याच्यासाठी कुणी सरकलं नाही.
दुसऱ्या एकाचे कान लाल झाले.
त्याला शिव्या दिल्या, एक हाड दिलं, आणि राहू दिलं.
आपण त्या लाल कानवाल्याची पोरं.
(कोऱ्या चेहऱ्याचेही काही तगले असणार.
आमच्याच खोऱ्यात दोघं आहेत. नावं सांगत नाही.)

इथवर हिशेब जुळतो.

मग आई आठवते.
सात वर्षांची, सरकारी वसतिगृहात, जेवणाच्या टेबलावर,
चुकून आपल्या भाषेत मीठ मागून बसली.
पोरं हसली. बाई हसल्या नाहीत,
त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.
तिने कुणाचं काही घेतलं नव्हतं.
तरी कान तापले, तसेच, माझ्यासारखेच.
कानांना कुठे कळतं
बघणारी शेकोटी आपली की परक्याची!
मरेपर्यंत ती दुकानात खालच्या आवाजात बोलायची
आणि घरी येऊन पिशवी रिकामी करताना कळायचं,
मीठ राहिलंच.

तिच्या कानात खूण कोरणाऱ्याचा तो कळप नव्हता.
पण तुकडा तर कुणाच्या तरी खिशात गेला असेल.
तो चाचपतं का कोणी?

माझा अजून आहे. वाळून
चिंचोक्यासारखा कडक झालाय.