दोन चाळीसची खाच

मिरजेच्या या दवाखान्याच्या गच्चीवर तीन चिलर,
त्यातला मधला दमेकरी.
जिना चढतानाच मला त्याचा श्वास ओळखू येतो.
बावीस वर्षं झाली, तरी काय काम करता असं विचारलं की
पटकन सांगता येत नाही.
सासरवाडीत मी एसीवाले पाव्हणे.
कवठेमहांकाळला एका लग्नात
मांडवातला कूलर चालू करून दिला, मगच पंगतीला बसलो.

एसी नव्हे. मी हवेला वाटा नेमून देतो.
तिसऱ्या मजल्यावर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत
दाब बोळापेक्षा किंचित जास्त हवा,
म्हणजे दार उघडलं तर हवा बाहेर जाईल,
बाहेरची आत येणार नाही.
एवढंच.
एवढ्यासाठी अकरा पॅनल, चारशे पॉइंट,
आणि वायरला नंबर चिकटवल्याशिवाय
चहाला हात न लावणारा इरफान मुजावर.

मार्चमध्ये त्या खोलीचा अलार्म यायला लागला.
रोज. रात्री दोन चाळीस.
पडद्यावर दाबाची सरळ रेघ, मध्येच एक खाच,
उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तशी.
पस्तीस सेकंद. पुन्हा सरळ.

सेन्सर बदलला.
डॅम्पर मोटरीपासून सोडवून हातानं फिरवून पाहिला.
दाबाच्या नळीत कुंभारणीनं मातीचं घर केलेलं,
तेही तारेनं कोरून काढलं.
खाच होती तिथंच.
पुण्याहून कंपनीचा पोरगा म्हणाला, सर, लूप ट्यून करून बघा.
म्हटलं, लूप घड्याळ बघत नाही रे,
घड्याळ माणूस बघतो.

मग एका रात्री बोळात खुर्ची टाकून बसलो.
दोन पस्तीसला जिन्यातून आधी हळदीचा वास आला,
मागून माणूस.
सांगलीच्या गिरणीत पॉलिशच्या ड्रमवर रात्रपाळी,
मधल्या सुट्टीत गाडी मारत आलेला.
कोपरापर्यंत हात धुतलेले,
कानाच्या पाळ्या मात्र पिवळ्याच.
चपला खालच्या पायरीवर.

आवळे सिस्टरनी दार उघडलं, हातभर.
तो आत गेला नाही.
चौथी पेटी. नऊशे चाळीस ग्रॅम.
"आलोय गं," म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.
मग, "जातो."

आम्ही उदबत्ती धरून बघतो, धूर कुठं जातो ते.
त्या रात्री उदबत्ती नव्हती.
दारातून वाहणाऱ्या वाऱ्यानं त्याचा सदरा फडफडत होता,
बाहीतली पिवळी भुकटी उडत होती,
बोळाकडे,
माझ्या अंगावर.
एक कणही आत नाही.
इतकी चोख चाचणी मी कुणाकडून करून घेतली नव्हती.

"लिहिणार का तुम्ही?" सिस्टरनी विचारलं.
दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं दाखवलं, रेघ, भुकटीचा शर्ट.
त्या शर्टाकडेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आत पाऊल नको.
अलार्मची मुदत तीस सेकंदांची पंचेचाळीस केली.
सिस्टीम विचारते, बदलाचं कारण?
रिकामं सोडू देत नाही.
लिहिलं: हळद.

नऊ एप्रिलला रेघ सरळ गेली.
दोन चाळीस, दोन पन्नास, तीन.
उभा जन्म मी सरळ रेघेसाठी भांडलो,
इंजिनिअरांशी, ठेकेदारांशी, स्वस्तातल्या सेन्सरांशी,
आणि घरी फोनवर ती बघत
अंथरुणात उठून बसलो.
फोन लावायचं धाडस झालं नाही.

सकाळी जिन्यात मधला चिलर ऐकूच आला नाही.
चौथी पेटी पुसून ठेवलेली.
सिस्टर औषधं मोजत होत्या, मान वर न करता म्हणाल्या,
खाली नेलं, दुसऱ्या मजल्यावर. आईजवळ.

दुसऱ्या मजल्यावर दाब नाही, डॅम्पर नाही.
खिडकी उघडी, समोर रिक्षांचा थांबा,
आणि छताला एक जुना पंखा, दोनवर.
त्याची वायर माझ्याकडे येत नाही.