हलका पाय

तपासणीचा कागद ताइस्तोनं टेबलावर उपडा ठेवला होता,
नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखा.
मागचे ब्रेक : डावा नाहीच, उजवा नावापुरता.
मुदत एक महिना.

"इतकी जपून चालवतो मी," सासरा म्हणाला.
म्हटलं, त्यामुळंच.

कायानीत मे उजाडला तरी
शेडच्या उत्तरेला बर्फाचा एक काळपट ढीग
जागा सोडत नव्हता.
पुढच्या चाकांना ओंडके लावले, हँडब्रेक सोडला,
मागून गाडी उचलली.

डिस्क कसली, धुवायचा राहून गेलेला तवा.
कडेला खपल्या, मधे बोटभर चकाकती पट्टी,
तेवढीवरच मागची चाकं थांबत होती.
बाहेरचं पॅड जवळजवळ कोरं.
आतलं झिजून पत्र्याला लागलेलं.
कॅलिपरची पिन धरलेली,
संधिवाताच्या बोटासारखी,
ना आत, ना बाहेर.

स्क्रू पहिल्याच पिळाला गुळगुळीत. ड्रिलनं काढला.
तरी डिस्क घोरपडीसारखी हबला चिकटून.
तेल मारलं, कॉफी प्यायलो, परत तेल मारलं.
मग घण.
ताइस्तो घाव मोजत होता, मोठ्यानं,
जणू ते त्याच्याकडून कुणी वसूल करणार होतं.
अठराव्याला निघाली,
आणि गंजाची लाल पूड
माझ्या बाहीत, भुवयांत, दातांत.

कॅलिपर होजवर लोंबकळू द्यायचा नसतो.
तारेनं स्प्रिंगला टांगला.
मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही,
दाबायचा आणि फिरवायचा, दोन्ही एकदम.
मी काही विचारलं नाही. फिरवत राहिलो.
तेव्हा तो एकेक आटा बोलू लागला.

हेल्वीचा मणका.
हॉस्पिटल नव्वद किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, चार वर्षं.
साधा धक्काही तिच्या मानेपर्यंत चढायचा.
वळण दिसायच्या कितीतरी आधी
हा पाय काढून घ्यायचा.
गाडी आपोआप मंदावत जायची,
ब्रेकला नुसतं विचारल्यासारखं करायचं.
मागून लाकडाचे ट्रक हॉर्न वाजवायचे.
"वाजवू देत," ती म्हणायची, डोळे मिटून.

तिला जाऊन दोन हिवाळे झाले.
पायाला कुणी कळवलं नव्हतं.

नव्या डिस्क, नवी पॅड, पिनांना ग्रीस.
चाकं बसवली. पेडल
आधी पाताळात गेलं, मग चौथ्या-पाचव्या दाबाला
खालून कुणीतरी धरल्यासारखं घट्ट झालं.

नवे ब्रेक मुरवावे लागतात.
साठवर न्यायची, वीसवर आणायची, दहा वेळा, नीट दाबून.
तळ्याकाठचा रस्ता रिकामा होता.
ताइस्तो चालवायला बसला, मी तिच्या सीटवर.
पहिल्यांदा गाडी पिसासारखी मंदावली.
दुसऱ्यांदाही.
"दाब," मी म्हणालो.
"दाबलाय."
"तू विचारतोयस त्याला. सांग."

चौथ्यांदा त्यानं ओठ आवळले आणि पाय टेकवला.
पट्टा माझ्या छातीत रुतला,
आणि सीटखालून काहीतरी खडखडत येऊन
माझ्या बुटावर आपटलं.
पत्र्याची चपटी डबी. खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या.

गाडी कडेला घेतली त्यानं.
"ही डबी मीच फस्त केली म्हणून
आठवडाभर बोलली नव्हती माझ्याशी."
झाकण निघेना. किल्लीनं उचकटलं.
आत तीन गोळ्या, एकमेकींत विरघळून
एकच ढेकूळ झालेलं.
दाराच्या कडेवर आपटून फोडलं,
मोठा तुकडा स्वतः घेतला, बारका मला दिला.
चव गंजाहून थोडी बरी.

तळ्यावरचा बर्फ काठापासून सुटला होता,
मधे अजून करडा, जाड.
आम्ही तिकडे बघत राहिलो.

"किती राहिले?" त्यानं विचारलं.
"सहा."

गोळी एका गालात सारून
त्यानं गिअर टाकला.